सर्व्हर आमचा, किल्ल्या त्याच्याकडे

लातूरला माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. इथं नऊ माणसं, उदगीरच्या शाखेत तीन. दिवसभर आम्ही दुसऱ्यांची बिलं तपासतो. कुणाचा जीएसटी नंबर रद्द झालाय, कुणी कर घेतला पण भरलाच नाही, हे हुडकणं हाच आमचा धंदा. अशा ऑफिसला फायली ठेवायच्या सर्व्हरच्या नावाखाली एका माणसानं सगळे मिळून 1 लाख 20 हजारांना गंडवलं. सहा महिने हे मी चारचौघांत बोललो नव्हतो. पण आता त्याच माणसाचं नाव ओळखीच्या दोन ठिकाणी कानावर आलं, म्हणून लिहितोय.

आमची अडचण साधी होती. काम सगळं व्हॉट्सअॅपवर आणि पेनड्राइव्हवर चालायचं. एकाच क्लायंटच्या ताळेबंदाच्या 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरी फायनल' अशा तीन फायली. उदगीरचा मुलगा भलतीच उघडून बसायचा आणि पाच वाजता फोन करायचा, "सर, यातली कोणती धरू?" सगळ्यांच्या फायली एका जागी असाव्यात, कुणी काय बदललं ते कळावं, तारखांचं कॅलेंडर सगळ्यांना दिसावं, एवढंच हवं होतं. लाखभर रुपयांच्या आत बसवायचं ठरवलं होतं.

माझ्या साडूनं एक माणूस पाठवला. चाळिशीचा, औसा तालुक्यातला, बोलायला गोड. चहा पिता पिता म्हणाला, "सर, त्या मोठ्या कंपन्यांना माणशी दर महिन्याला पैसे भरावं लागतेत. भाडं कशाला भरताव? येकदाच सोताचं घर बांधून टाका की." घर म्हणजे ऑफिसातच ठेवलेला आमचा स्वतःचा सर्व्हर. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. वर त्यानं पुण्याच्या लोकांच्या कोटेशनचा विषय काढला. ते लोक मराठवाड्यातलं गिऱ्हाईक दिसलं की आकडा कसा वाढवतात, याच्या दोन गोष्टी सांगितल्या. खऱ्या की खोट्या कोण जाणे, पण मला पटल्या. आपल्याकडं पुण्याविषयीचं काहीही पटतं.

कोटेशन आलं. मशीन 58 हजार. 'ऑफिस क्लाउड' नावाच्या सॉफ्टवेअरचं पंधरा जणांचं कायमचं लायसन्स 27 हजार. सुरक्षा प्रमाणपत्र वर्षाला साडेचार हजार. बसवणावळ पाच हजार. वर अठरा टक्के जीएसटी. घासाघीस करून करासकट 1 लाख 10 हजारांवर आणलं. घासाघीस जमली की माणूस बाकी काही बघत नाही, माझंही तेच झालं.

चाळीस हजार त्यानं रोख मागितले. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलं तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, हे मी रोज क्लायंटला सांगतो. म्हणून मी शहाणपणा केला आणि चार दिवस रोज दहा-दहा हजार दिले. पावती एकाचीही घेतली नाही. उरलेले सत्तर यूपीआयनं गेले, ते त्याच्या मेव्हण्याच्या नावावर. "माझ्या खात्याची लिमिट संपली, सर."

फेब्रुवारी 2024 मध्ये मशीन आलं. काळी पेटी, समोर निळा दिवा, आत दोन टीबीच्या दोन डिस्क. तो म्हणाला, दोन्हीवर तेच ते लिहिलं जातं, एक मेली तरी दुसरी आहेच. लगेच स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, "बगा सर, 3.6 टीबी जागा. दहा वर्सं बगायला नको." मी खूश झालो. ऑफिसमध्ये पेढे वाटले.

इथं जरा थांबतो, कारण सगळी चोरी या एका आकड्यात होती आणि ती त्यानंच मला बोट ठेवून दाखवली होती. दोन डिस्कवर एकच गोष्ट दोनदा लिहिली जात असेल तर जागा एकाच डिस्कएवढी दिसायला हवी. दोन टीबीची डिस्क संगणकावर 1.8 च्या आसपास दिसते. म्हणजे आरशासारखी जोडणी, ज्याला ही मंडळी रेड वन म्हणतात, ती असती तर मला 1.8 दिसलं असतं. 3.6 दिसलं याचा अर्थ दोन्ही डिस्क मिळून एकच मोठी केलेली होती. प्रत्येक फाइलीचे तुकडे दोन्हीकडं वाटलेले. त्यात एक डिस्क गेली की दुसरीतलंही कामाचं राहत नाही. एका डिस्कवर ठेवलं असतं तर बरं, इतकी ती जोडणी धोक्याची. आणि मी जास्त जागा मिळाली म्हणून पेढे वाटले.

पहिले तीन महिने छान गेले, हे कबूल केलं पाहिजे. फायली एका जागी आल्या, उदगीरचे फोन थांबले. मे महिन्यात आमच्या ऑफिसातली एक मुलगी लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडून गेली. तिचं खातं बंद करायला गेलो तर तो अधिकारच आमच्यापैकी कुणाकडं नव्हता. फोन केला. "अॅडमिन सुरक्षेसाठी आमच्याकडंच असतो सर. मी करून देतो, पाचशे रुपये." तिच्या जागी आलेल्या मुलाचं खातं उघडायला आणखी पाचशे. पंधरा जणांचं लायसन्स घेतलंय, माणसं बाराच आहेत, मग पाचशे कशाचे, हे मी विचारलं नाही. पाचशेच तर आहेत म्हणालो.

जूनमध्ये त्यानं देखभालीचा वर्षाचा करार पुढं केला. 18 हजार. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरचं कनेक्शन बंद. लातूरला चालू, उदगीरला बंद. "सर्व्हरला प्रॉब्लेम दिसतोय सर, करार असता तर लगेच बघितलं असतं." तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. आमच्या ब्रॉडबँडला बाहेरून गाठता येईल असा स्वतंत्र पत्ता नव्हता. गल्लीतल्या बऱ्याच कनेक्शनांना नसतो, शेकडो घरं मिळून एकच पत्ता वापरतात. म्हणून त्यानं उदगीरचं सगळं जाणं-येणं स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवरून फिरवलं होतं. डोमेन, म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव, तेही त्याच्याच ईमेलवर नोंदवलेलं. घर आमचं, पण रस्ता त्याच्या वावरातून. आणि वावरातल्या रस्त्यावरून काय काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. जीएसटीची तारीख तोंडावर होती. नऊ हजारांवर तोड केली.

15 जुलैला रात्री पाऊस झाला, दोनदा लाइट गेली. 16 ला सकाळी पेटीतून टक्, टक् असा आवाज, घड्याळ अडकल्यासारखा. स्क्रीन कोरी. 20 तारखेला महिन्याचं जीएसटी रिटर्न, 31 ला आयकराचं. त्याला अकरा फोन केले. बाराव्यांदा फोन बंद.

वाचवलं ते दोघांनी. एक आमच्या क्लायंटचा मुलगा, नांदेडला इंजिनिअरिंग शिकलेला, आणि दुसरी उदगीरच्या ऑफिसातली मुलगी, तिला स्वतःला ठाऊक नसताना. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "काका, कुणाच्या लॅपटॉपवर ते फोल्डर आपोआप उतरत होतं का?" उदगीरच्या मुलीच्या लॅपटॉपवर होतं. "मग आधी तिला फोन करा आणि लॅपटॉपचं नेट काढायला सांगा. कुणी उद्या सर्व्हर कोरा करून पुन्हा चालू केला, तर तिच्याकडचंही पुसलं जाईल." तिनं वायफाय बंद केलं, तो लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुपारच्या एसटीनं लातूरला घेऊन आली. मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणे. मार्चनंतरचं जवळजवळ सगळं त्यात सापडलं. त्याआधीचं व्हॉट्सअॅप आणि जुने पेनड्राइव्ह धुंडाळून गोळा केलं. अडतीच्या दोन दुकानांची वर्षभराची बिलं मात्र गेली ती गेली. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन त्या दोघांसमोर बसून तसं सांगावं लागलं.

मग पोरानं पेटी उघडली. डिस्कवर जांभळं लेबल. म्हणाला, या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी असतात. जी चालू होती ती त्यानं स्वतःच्या संगणकाला जोडली आणि एक तक्ता दाखवला. प्रत्येक डिस्क आपण किती तास चालू होतो, हे स्वतःच मोजून ठेवते. त्या रकान्यात 41 हजारांच्या वर आकडा होता. वर्षाचे तास 8,760. म्हणजे आमच्याकडचे पाच महिने वजा केले तरी आमची नवी कोरी डिस्क चार वर्षांहून जास्त कुठंतरी रात्रंदिवस राबून आली होती. हे बघायला फुकटचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं आणि दोन मिनिटं लागतात. डिस्कवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटी कधीच संपलेली.

सत्तावीस हजारांचं 'ऑफिस क्लाउड' म्हणजे नेक्स्टक्लाउड निघालं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, 2016 पासून आहे, कुणीही उतरवून बसवू शकतं. त्यात नाव, रंग आणि चिन्ह बदलायची सोय सेटिंगमध्येच दिलेली आहे. त्यानं तेवढंच केलं होतं. बसवून द्यायचे, शिकवायचे पैसे घ्यावेत, माझी ना नाही. मीही फॉर्म फुकट मिळतो तो भरून द्यायचे पैसे घेतो. पण फुकटच्या वस्तूचं पंधरा माणसांचं लायसन्स विकणं म्हणजे सरकारी विहिरीवर उभं राहून घागरीमागं पैसे घेणं. गंमत अशी की मोबाइलवर टाकायला त्यानं जे अॅप सांगितलं त्यावर तीन गोलांचं मूळ चिन्ह आणि मूळ नाव होतं. आमच्या बाराही जणांच्या फोनवर ते पाच महिने होतं. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं, तेही फुकट, तेव्हा नव्वद दिवसांच्या मुदतीचं आणि मुदतीआधी आपोआप नवं होणारं.

आणि आता खरी लाज. त्याचं बिल मी कपाटातून काढलं. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड'. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी, सुरुवात 27 नं, म्हणजे महाराष्ट्राचा. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं. कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ, एकट्या माणसाला पी. जीएसटी नंबरात ते सहावं अक्षर येतं. बिलावर सहावं अक्षर पी. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी त्या बिलाच्या कितीतरी आधी रद्द झालेली. त्यामुळं 16 हजार 780 रुपये कर म्हणून दिले त्याचं क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून मिळाली असती ती वजावट, तीही बुडाली. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं मार्चमध्येच सांगितलं होतं, "सर, आपल्या सर्व्हरचं बिल 2बी मध्ये दिसत नाही." 2बी म्हणजे विकणाऱ्यानं दाखवलेली बिलं घेणाऱ्याला दिसतात तो पोर्टलवरचा तक्ता. मी म्हणालो होतो, येईल गं, आपलाच माणूस आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. तुमचा व्यवहार आहे, दिवाणीत जा, असं सांगून अर्ज ठेवून घेतला. वकील मित्र म्हणाला, फसवणूक फेब्रुवारीतली म्हणून कलम 420 च लागेल. 1 जुलैपासून पुढची असती तर नव्या भारतीय न्याय संहितेचं 318. ग्राहक आयोगात जायचं तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून समोरचा हरकत घेणार. स्वतःच्या चरितार्थासाठी घेतली असं दाखवता येतं, पण बारा माणसांचं ऑफिस बघून ते किती टिकेल याची त्याला खात्री नव्हती. आणि चाळीस हजारांची पावतीच नाही. साडूनं हात वर केले. दिवाळीला आला होता, तो विषय दोघांनीही काढला नाही.

आता जे चालू आहे ते ऑफिसातल्याच एका जुन्या संगणकावर. नव्या दोन डिस्क, त्यांची पेटी माझ्यासमोर फोडली, तास शून्याजवळ. जागा 1.8 दिसते. तिसरी बाहेरची डिस्क दर शनिवारी नक्कल करून मी घरी नेतो, देवघराखालच्या कप्प्यात असते. डोमेन माझ्या ईमेलवर, ब्रॉडबँडवाल्याला वर्षाचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला. पोराला आठ हजार दिले. सगळं मिळून 34 हजारांत झालं. अॅडमिनचा पासवर्ड त्यानं मला टाइप करायला लावला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

परवा गंजगोलाईतल्या त्या अडत्याचा फोन आला. बिलं गेली म्हणून दोन महिने बोलत नव्हता, तोच. दुकानाला आणि गोदामाला मिळून सर्व्हर घ्यायचाय म्हणाला, एक माणूस आलाय, आपल्याच भागातला, म्हणतोय भाडं कशाला भरताव. कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागवून घेतलं. लेटरहेड नवं, कंपनीचं नाव नवं, खाली जीएसटी नंबर. मोठं करून बघितलं. नंबर तोच होता, सहावं अक्षर पी.