शार्लटचं नॅसकार हॉल ऑफ फेम: क्रू चीफसाठी बघावं असं संग्रहालय

अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या, आणि त्यातही कारखान्यात आयुष्य काढलेल्या मंडळींनी शार्लटला आल्यावर नॅसकारचं, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणाऱ्या संघटनेचं, हे संग्रहालय चुकवू नये. मी चिंचवडला असेंब्ली लाइनवर सुपरवायझर होतो. मुलगी इथेच राहते, त्यामुळे येणं झालं की माझी एक चक्कर ठरलेली असते.

2010 साली उघडलेल्या या इमारतीत ‘ग्लोरी रोड’ नावाचा वर चढत जाणारा रस्ता आहे. त्यावर जुन्या शर्यतीच्या गाड्या उभ्या आहेत. रस्ता सपाटीवर सुरू होतो आणि कलत कलत 33 अंशांवर पोचतो. टॅलाडेगा या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या वळणांचा कल एवढाच. टीव्हीवर याचा काही अंदाज येत नाही, इथे शेजारी उभं राहिल्यावर कळतं.

पण माझा जीव रमतो तो क्रू चीफ लोकांत, म्हणजे टीमच्या गाडीची आणि डावपेचांची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांच्यात. ड्रायव्हर रेडिओवर एवढंच सांगतो की वळणात गाडीचं नाक बाहेर जातंय किंवा मागची बाजू सुटतेय. त्यावरून कुठल्या चाकातली हवा किती कमी करायची, स्प्रिंगवरचा भार किती बदलायचा, दोन टायर घ्यायचे की चार, आणि टाकीतलं इंधन शेवटपर्यंत पुरेल का, हे सगळं क्रू चीफने ठरवायचं. तेही गाड्या धावत असताना. शॉप फ्लोअरवर निर्णय घेतलेल्या माणसाला यातला ताण लगेच समजतो.

‘हॉल ऑफ ऑनर’ या मानकऱ्यांच्या दालनात क्रू चीफ डेल इनमनचं नाव शोधा. नात्याने भाऊ असलेल्या ड्रायव्हर रिचर्ड पेटीबरोबर सात आणि 1984 मध्ये ड्रायव्हर टेरी लबॉन्टीबरोबर एक, अशी आठ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. मग रे एव्हरनहॅम. न्यू जर्सीचा हा माणूस आधी स्वतः गाडी चालवायचा. ड्रायव्हर जेफ गॉर्डनचा क्रू चीफ झाल्यावर त्याने 1995, 1997 आणि 1998 अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली. पिट स्टॉपसाठी, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून टायर-इंधन घेण्यासाठी, माणसांकडून खेळाडूंसारखा सराव करून घ्यायचा, हे त्याच्या टीमने मनावर घेतलं आणि बाकीच्यांना त्याच वाटेने जावं लागलं. त्याच टीममध्ये टायर बदलणारा चॅड नाउस पुढे जिमी जॉन्सनचा क्रू चीफ झाला आणि सात वेळा जिंकला. 2006 ते 2010 सलग पाच! पाना हातात घेऊन सुरुवात केलेला माणूस 2024 च्या मानकऱ्यांत बसला, याचं मला फार अप्रूप आहे.

पाहुण्यांसाठी पिट स्टॉपचा खेळ आहे: जॅक लावा, चाक बदला, इंधन भरा. सिम्युलेटरकडे मुलं आपोआप ओढली जातात, पण त्यांना आधी इथे उभं करा. खऱ्या शर्यतीत पाच माणसं भिंतीवरून उडी मारून येतात आणि दहाएक सेकंदांत चारही टायर बदलतात. 2021 पर्यंत मुख्य मालिकेत एका चाकाला पाच नट असायचे, आता मधोमध एकच. सायकल टाइम, म्हणजे कामाच्या एका फेरीला लागणारा वेळ, कमी करण्यासाठी ज्यांनी डोकं झिजवलंय त्यांना इथून हलावंसं वाटणार नाही.

निदान तीन तास हाताशी ठेवा, उघडायच्या वेळा आधी बघा आणि पायात बूट घाला. गाडी असेल तर त्याच दिवशी कॉन्कॉर्ड गावचा दीड मैलांचा शर्यतीचा ट्रॅकही बाहेरून बघून होतो.