महाद्वार रोडमागच्या बोळातले फ्रेमवाले काका

कोल्हापूरच्या गुजरीत चांदीवर कोरणी करण्यात माझी तीस वर्षं गेली. फ्रँकफर्टला नोकरी करणाऱ्या पुतण्यानं दिवाळीत मला एक जुनं पान आणून दिलं. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणाऱ्या थिओडोर द ब्री यांनी १५९४ साली छापलेलं, कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरतानाचं चित्र. पान पुस्तकातून सुटलेलं, खाली लॅटिन मजकूर.

आधी एका दुकानात आजोबांचा फोटो फ्रेमला दिला होता. त्यांनी तो फेव्हिकॉलनं पुठ्ठ्यावर चिकटवला आणि दोन पावसाळ्यांत फोटोवर पिवळे डाग पडले. म्हणून या वेळी चार ठिकाणी विचारून या काकांकडे गेलो.

काकांनी आधी हात धुतले. मग पान उजेडात तिरपं धरलं आणि चित्राभोवती दबलेली चौकट दाखवली. ओल्या कागदावर तांब्याचा पत्रा रुळाखाली दाबला, की ही खूण उठते. "ही झाकायची नाही आणि कडा कापायच्या नाहीत," हे त्यांनी मी सांगायच्या आधीच सांगितलं. मला तिथंच भरवसा वाटला.

मीही माझं भिंग लावून पाहिलं. सावलीची एकेक रेघ मधे जाड, टोकाला केसासारखी. पोलादी कलमावर हाताचा जोर कमी-जास्त केल्याशिवाय अशी रेघ येत नाही. द ब्री स्वतः सोनारकाम शिकलेले, अमेरिकेला कधीच न गेलेले. म्हणून तर कोलंबसापुढे आदिवासी जी सोन्याची भांडी धरून उभे आहेत, ती युरोपातल्या सोनाराच्या दुकानातली वाटतात! मागे तिघं क्रूस उभारतायत, लांबवर माणसं पळतायत. मला त्या पळणाऱ्यांवरून नजर काढवेना.

काकांनी आम्ल नसलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, वापरला, पान वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनं अडकवलं, आणि काच पानाला टेकू दिली नाही. आपल्याकडच्या पावसात काचेला चिकटलेला कागद हमखास बुरसटतो. २,८०० रुपये घेतले. दहा दिवस सांगून तीन आठवडे लावले, एवढीच तक्रार. काच थोडी चमकते, पण ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावल्यावर त्रास नाही.

आजोबांचा फोटोही आता त्यांच्याकडे दिलाय. खालचा पुठ्ठा थर थर करून सोलून बघतो म्हणालेत.