पोलिसांचा शब्द की कोर्टाची माफी?

घरातल्या कुणाचं नाव मोठ्या गुन्ह्यात आलं की पोलीस स्टेशनात हमखास ऐकू येतं, "सगळं सांगून टाक, तुला साक्षीदार करतो." ऐकून जीव भांड्यात पडतो, पण हा शब्द आणि कोर्टाची माफी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो बघूनच काय ते ठरवा.

आधी तोंडी शब्द. तपास अधिकाऱ्याला माफी द्यायचा अधिकारच नाही, उलट बीएनएसएसचं (फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणारा नवा कायदा, जुन्या सीआरपीसीच्या जागचा) कलम १८२ सांगतं की पोलिसांनी आमिष, धमकी, वचन काहीच द्यायचं नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही ना, मग काय बिघडतं? बरंच बिघडतं. कोठडीत असताना तुमच्या सांगण्यावरून हत्यार किंवा माल सापडला तर तेवढं बोलणं पुराव्यात येतं, आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला असेल तर एसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाबसुद्धा चालतो. चार्जशीटमध्ये साक्षीदार म्हणून नाव असलं तरी खटल्यात पुरावा निघाला तर कोर्ट त्याच बीएनएसएसच्या कलम ३५८ खाली आरोपी करू शकतं, आणि तोवर त्या साहेबांची बदली झालेली असली तर जाब कुणाला विचारणार?

माफीचा साक्षीदार, म्हणजे माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी, व्हायचं तर बीएनएसएसचं कलम ३४३. माफी मॅजिस्ट्रेट देतात, कारणं लिहून देतात, आणि अट एकच, स्वतःसकट सगळ्यांबद्दल माहीत आहे ते पूर्ण आणि खरं सांगायचं. काही लपवलं किंवा खोटं बोललात आणि सरकारी वकिलांनी तसं सर्टिफिकेट दिलं की मूळ गुन्ह्याचा खटला परत तुमच्यावर, वर तुमचाच जबाब तुमच्याविरुद्ध. दुसरं म्हणजे आधी जामीन नसेल तर खटला संपेपर्यंत आत राहावं लागतं, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. हायकोर्टाने काही केसेसमध्ये जामीन दिलाय, पण ते गृहीत धरू नका.

ड्रग्जच्या केसमध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) कलम ६४ खाली सरकारही लेखी कारणं देऊन अभय देऊ शकतं.

अमेरिकेत सौदा सरकारी वकिलांशी होतो. २६/११ च्या मुंबई हल्ल्यासाठी रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २०१० मध्ये तिथे लेखी करार केला, फाशी टळली, भारताच्या ताब्यात देणंही टळलं, तरी २०१३ मध्ये ३५ वर्षं लागलीच. मुंबईच्या कोर्टाने त्याला माफीचा साक्षीदार केलं ते वेगळं, डिसेंबर २०१५ मध्ये.

माझं मत विचाराल तर तोंडी शब्दावर एक अक्षरही बोलू नका. खरंच सगळं सांगायची तयारी असेल तरच ३४३, तेही आधी जामिनाचा अर्ज लावून आणि वकील आपला स्वतःचा, पोलिसांनी सुचवलेला नको.