थंडरबर्ड ३५०: इंजिन टिकते, रबर टिकत नाही

रॉयल एनफील्डची थंडरबर्ड ३५०, म्हणजे २०१२ च्या अखेरीस नव्या रूपात आलेली आवृत्ती, आता नवी मिळत नाही. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले तेव्हा तिचे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मीटिअर ३५० ने तिची जागा घेतली. नागपुरातील जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती अजून सहज दिसते, आणि लांबच्या प्रवासासाठी कमी पैशांत भरवशाची मोटरसायकल शोधणारी तरुण मंडळी तिच्याविषयी वारंवार विचारत असतात. माझ्याकडे ही गाडी २०१३ पासून आहे आणि तिचा मीटर पाऊण लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे. विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की इंजिनाची चिंता करू नका, चिंता करायची तर इंजिनाभोवती जे काही रबराचे, प्लॅस्टिकचे आणि तारांचे आहे त्याची करा. आणि ताशी नव्वदच्या पुढे पळण्यातच आनंद वाटत असेल तर ही गाडी घेऊच नका.

३४६ सीसीचे हे एकाच सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे इंजिन आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तब्बल ९० मिलिमीटर, त्यामुळे ते फिरते संथ पण ओढते जोरात. ताकद जेमतेम २० अश्वशक्ती आहे, आजच्या दोनशे सीसीच्या कित्येक गाड्या यापेक्षा अधिक देतात. परंतु २८ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ४००० आरपीएमलाच हाती येतो, आणि प्रवासात खरा उपयोग त्याचाच होतो. सावनेर, सौंसर करीत छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या आणि पुढे लोखंडाने भरलेला ट्रक अशा स्थितीत ही गाडी चौथ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढते. वरचेवर गिअर बदलावे लागत नाहीत, म्हणून पचमढीला पोहोचेपर्यंत डावा हात दुखत नाही. याच लांब स्ट्रोकची दुसरी बाजू अशी की वेग ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे नेला की हँडल आणि पायपेग यांच्यातून थरथर जाणवू लागते आणि शंभरच्या आसपास आरशातील ट्रक ओळखू येत नाही. याला दोष म्हणणे मला पटत नाही, कारण थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नसलेल्या एवढ्या मोठ्या एकाच पिस्टनकडून वेगळी अपेक्षा करता येणार नाही. मीटिअरमध्ये तो शाफ्ट आहे आणि फरक पहिल्या किलोमीटरलाच कळतो.

नागपूरकरांना मात्र या वेगमर्यादेचा त्रास वाटतो तेवढा होत नाही. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या शहराच्या वेशीवरून सुरू होतो खरा, पण त्यावर दुचाकींना प्रवेशच नाही. त्यामुळे दुचाकीवाल्यांच्या वाट्याला जुने रस्तेच येतात: कोंढाळी-तळेगावकडून अमरावती आणि पुढे परतवाड्यावरून चिखलदरा, उमरेड-भिवापूरमार्गे चिमूर आणि ताडोबा, किंवा मनसर-देवलापारवरून पेंचच्या जंगलाला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. यांपैकी शेवटचा सोडला तर ऐंशीच्या वर जाण्याजोगे लांब पट्टे थोडे आहेत, आणि त्या शेवटच्या रस्त्यावरही जंगलाच्या भागात वेग वाढवणे शहाणपणाचे नाही. सत्तर ते ऐंशीच्या वेगात ही गाडी दिवसभर चालवता येते, इंजिनाचा ठोका एकसारखा राहतो आणि लिटरला पस्तीसच्या आसपास किलोमीटर मिळतात.

टाकी २० लिटरची आहे आणि या गाडीची सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती असे विचारल्यास मी टाकीचेच नाव घेईन. एकदा भरली की सहाशे किलोमीटरपर्यंत पंपाकडे पाहावे लागत नाही. शहरात याचे महत्त्व कळत नाही, परंतु आलापल्लीवरून भामरागड-हेमलकशाकडे जाताना पंप विरळ होत जातात आणि आहे त्या पंपावर पेट्रोल असेलच अशी खात्री नसते, तेव्हा ते कळते. मीटिअरची टाकी १५ लिटरची आहे. नव्या गाडीत सगळेच सुधारले असे म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घ्यावा.

बसण्याची रचना चांगली आहे. हँडल उंच, पाय किंचित पुढे, पाठ सरळ. मागे बसणाऱ्यासाठी टेकायला पाठ दिलेली आहे, आणि माझ्या पत्नीच्या मते या गाडीवर लांब जाण्याचे एकमेव कारण तेवढेच आहे. चालकाची गादी मात्र काही वर्षांत दबते. मी ती कुशनवाल्याकडून नव्या फोमवर पुन्हा शिवून घेतली आणि हा खर्च पहिल्याच वर्षी केला असता तरी चालले असते. गाडीचे वजन दोनशे किलोंच्या जवळ आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत पावलापावलाने सरकताना तिचे ओझे होते. पारा पंचेचाळीसच्या वर असताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला सिग्नलवर वारा मिळत नाही आणि त्याची झळ थेट उजव्या पोटरीला लागते. उन्हाळ्यात मी सकाळी दहाच्या आत प्रवास संपवतो; मला आणि इंजिनाला दोघांनाही ते मानवते.

सुरक्षिततेच्या बाबतीत गाडीचे वय लपत नाही. पुढे-मागे डिस्क ब्रेक आहेत आणि ते चांगले आहेत, परंतु एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते बंधनकारक झाले, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक थंडरबर्ड त्याविनाच आहेत. तारांची चाके आणि आत ट्यूब, म्हणजे पंक्चर झाले की हवा लगेच जाते आणि चाक काढल्याशिवाय गत्यंतर नसते. २०१८ च्या थंडरबर्ड ३५०एक्समध्ये ट्यूबलेस टायर आले. जुनी आवृत्ती घेणाऱ्याने ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि लहान पंप जवळ बाळगणे एवढाच उपाय आहे. खड्ड्यांतून भरपूर चालवल्यावर रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा लागतो, आणि ते काम नीट करणारे हात शहरात कमी होत चालले आहेत.

आता मुख्य मुद्दा. इतक्या वर्षांत या इंजिनाच्या आतल्या भागाला हात लावावा लागलेला नाही. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे, असल्यामुळे ते जुळवण्याचे काम नाही. १५डब्ल्यू-५० चे ऑइल आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदलणे, दोन्ही स्पार्क प्लग साफ ठेवणे, क्लच प्लेट झिजल्यावर नव्या टाकणे, एवढ्यावर ते चालत आले आहे. खर्च झाला तो सगळा बाहेरच्या बाजूला. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग नागपूरच्या उन्हात कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात, तेथून हवा शिरते आणि गाडी थंड असताना चालू होऊन लगेच बंद पडू लागते. अशा वेळी मालक कार्बोरेटर उघडायला सांगतो, जेट बदलतो, प्लग बदलतो आणि आजार तसाच राहतो. माझा मिस्त्री हे पाहताक्षणी म्हणाला होता, “भाऊ, इंजिनाले काही नाही झालं, रबर म्हातारं झालं.” त्याचे हे निदान मी नंतर गाडीच्या जवळजवळ प्रत्येक भागाला लावून पाहिले आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघाले.

मागच्या चाकातील हब रबर, म्हणजे चेनचा झटका झेलणारे रबर, दबले की गिअर टाकताना धक्का बसतो आणि लोक चेनला दोष देतात. पुढच्या शॉकअपची ऑइल सील कडक झाली की तेल गळून नळीवर धूळ चिकटते आणि खड्ड्यात पुढचे चाक आपटते. ब्रेकची रबरी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतून फुगते आणि लिव्हर मऊ लागतो; शिवाय ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांत बदलावे, मग गाडी चाललेली असो वा नसो. टायरचेही तसेच. त्याच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपूर्वीचा टायर पहिल्या पावसात डांबरावर कसा वागतो, ते अनुभवण्याची गरज नाही. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक आहे: दाव्याच्या वेळी रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर त्या सरसकट ५० टक्के घसारा कापतात, भाग कितीही नवा असला तरी.

यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने मायलेज थोडे उतरते, ते सोसता येते. त्रास होतो तो गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिल्यावर, कारण इथेनॉल ओलावा धरून ठेवते आणि जुने रबरी भाग त्याने लवकर खराब होतात. मी पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधील सील बदलून घेतल्या, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही आणि गंज धरत नाही.

बॅटरीविषयी एक सूचना. ती कमजोर झाली असताना सेल्फ मारत राहू नये, कारण सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा स्प्रॅग क्लच अशा वेळी घसरून झिजतो आणि तो बदलण्याचा खर्च बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक असतो. नागपूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत बॅटरी दमतेच, तेव्हा तिसऱ्या वर्षी तिची परीक्षा पाहण्यापेक्षा ती बदलावी हे बरे.

दुरुस्तीसाठी शहरात पर्याय भरपूर आहेत, पण सगळे सारखे नाहीत. एका गॅरेजात ऑइल बदलताना पोराने ड्रेनचा नट इतका आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले आणि दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवस झाले. तेव्हापासून मी गाडी एकाच मिस्त्रीकडे देतो आणि सुटे भाग स्वतः विकत आणून देतो. उत्पादन थांबले असले तरी इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग मिळतात, कारण हेच इंजिन क्लासिक ३५० मध्येही होते. अडते ते या गाडीपुरत्या असलेल्या भागांवर: प्रोजेक्टर दिवा, डिजिटल मीटर, टाकीवरील आणि बाजूचे पत्रे. अशा भागांची वाट पाहावी लागते, आणि अपघात झालेली गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून घेणाऱ्यांचे गणित नेमके तेथे चुकते. क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये नकली माल फार आहे; त्यात वाचवलेले शंभर रुपये देवलापारच्या पुढे रात्री तुटलेल्या केबलने वसूल होतात.

टायर आणि चेन-स्प्रॉकेटसारखी मोठी खरेदी नसलेल्या वर्षी माझा देखभालीचा खर्च दहा-बारा हजारांत आटोपतो. इंजिन ३५० सीसीच्या आत असल्याने सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १३६६ रुपये आणि त्यावर कर, एवढाच बसतो. ५०० सीसीच्या थंडरबर्डला तो दुपटीहून अधिक लागतो.

जुनी थंडरबर्ड घेणाऱ्याने कागद आधी पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ मध्ये आरटीओकडे तपासणीला न्यावी लागेल, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि सोबत पर्यावरण कर. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहावे; नसल्यास मालकी बदलण्याचे काम अडून बसते. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवावे, कारण गरम इंजिन रबराच्या चिरा लपवते. मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक अधांतरी धरावे आणि हँडल हळूहळू फिरवावे. मध्ये कोठे अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगची जोडी, गेला आहे. मीटरवरील आकड्यावर विसंबू नये, पायपेगचे रबर आणि ब्रेक पेडलची कड किती घासली आहे ते पाहावे. एवढे करून गाडी पसंत पडली तर ठरलेल्या किमतीतून दोन टायर, बॅटरी आणि सर्व रबरी भागांचा खर्च वजा करून भाव सांगावा. विकणारा “भाऊ, गाडी एकदम टकाटक आहे” म्हणाला तरीही तो वजा करावाच, कारण घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात तो करावा लागणारच आहे.