जुनी आयात पिकअप घ्यावी का? हायलक्सच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

आयात केलेली जुनी पिकअप घ्यावी की नाही, याविषयी खरेदीपूर्वी जे वाचायला आणि ऐकायला मिळते, त्यातील बहुतेक चर्चा इंजिनाभोवती फिरते. टोयोटा हायलक्सच्या सातव्या पिढीतील (२००४ ते २०१५) डबल कॅबिनची, तीन लिटर डिझेल इंजिनाची आणि फोर व्हील ड्राइव्ह असलेली गाडी काही महिने ओझ्यासह आणि रिकामी, डांबरी रस्त्यावर आणि चिखलात चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, इंजिन ही या व्यवहारातील तिसऱ्या क्रमांकाची बाब आहे. पहिली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि दुसरी कागदपत्रे. इंजिन दुरुस्त होते, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि बुश (सांध्यांतील रबरी तुकडे) बदलता येतात, क्लच नवा बसतो; पण आतून कुजलेली चेसिस किंवा कागदाशी न जुळणारा चेसिस क्रमांक गळ्यात पडला, तर गाडी कितीही स्वस्त मिळालेली असो, तो व्यवहार महागच पडतो.

पिकअपची कॅबिन आणि मागचा हौदा हे दोन्ही एका पोलादी चेसिसवर बोल्टने बसवलेले असतात, त्यामुळे वरून नवा रंग मारलेली गाडी खालून पोखरलेली असू शकते आणि ते उभ्या उभ्या पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांतून आलेल्या आणि समुद्रकाठी वापरलेल्या गाड्यांत हा धोका सर्वाधिक असतो. चेसिसच्या बंद दांड्यांमध्ये चिखल साचतो, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. तो बाहेर दिसू लागतो तेव्हा पत्रा बराच पातळ झालेला असतो. हायलक्सचीच अमेरिकेतील भावंड असलेल्या टॅकोमाच्या २००५ ते २०१० मधील गाड्यांच्या गंजलेल्या चेसिसवरून तेथे मोठा दावा उभा राहिला आणि २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने चेसिस तपासून गरजेप्रमाणे बदलून देण्याचे मान्य केले. नाव मोठे असले म्हणून लोखंड गंजायचे थांबत नाही.

म्हणून सौदा करण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून घेण्याचा आग्रह मी धरला. मागचे पाटे चेसिसला टांगणारे हँगर, मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) वरचा चेसिसचा वाकलेला भाग आणि स्टेपनीजवळची आडवी दांडी या तीन जागा मेकॅनिकने लहान हातोडीने ठोकून पाहिल्या. सशक्त लोखंड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. याआधी पाहिलेल्या एका गाडीच्या तळाला ताजा काळा डांबरी लेप दिलेला होता आणि विक्रेता त्याला 'संरक्षण' म्हणत होता. विक्रीच्या तोंडावर लावलेला असा लेप संरक्षणासाठी असतो की झाकण्यासाठी, हे खरवडल्याशिवाय कळत नाही, आणि खरवडू देण्यास तो तयार नसल्याने ती गाडी मी सोडून दिली.

कागदपत्रांकडे पाहताना सतरा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजेच चेसिस क्रमांक, हा सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो. या पिढीतील हायलक्सचा क्रमांक 'एमआर०' ने सुरू होत असेल तर ती थायलंडमध्ये, 'एएचटी' ने होत असेल तर दक्षिण आफ्रिकेत आणि '८एजे' ने होत असेल तर अर्जेंटिनात बनलेली असते. चेसिसच्या दांडीवर ठोकलेला क्रमांक, कॅबिनमधील पट्टी आणि आयातीचे कागद हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत, आणि ठोकलेल्या अक्षरांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नसाव्यात. 'जपानमध्ये वापरलेली २०१० ची हायलक्स' अशी जाहिरात दिसली तर अधिक प्रश्न विचारावेत, कारण जपानमध्ये २००४ ते २०१७ या काळात टोयोटा हे मॉडेल विकतच नव्हती. वयाची मर्यादाही आधीच तपासावी. अमेरिकेत तेथील सुरक्षा मानकांसाठी न बनलेली गाडी साधारणपणे पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर नेता येते, कॅनडात पंधरा वर्षांनंतर. केनियात मात्र उलट आठ वर्षांहून जुनी गाडी चालत नाही. नियमात न बसणारी गाडी बंदरातच अडकते.

किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवला नाही आणि कोणी ठेवू नये. मीटर मैलांत आहे की किलोमीटरमध्ये हे पाहणे ही साधी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. १,००,००० मैल म्हणजे जवळजवळ १,६१,००० किलोमीटर. पेडलचे रबर, स्टीअरिंगवरची झिजलेली जागा आणि चालकाच्या आसनाची बसलेली कड यांचा दाखला आकड्यापेक्षा खरा असतो. पुरात बुडालेल्या गाड्याही दूरदूरच्या बाजारांत फिरत राहतात, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का आणि आसनाखालच्या वायरजोडांवर हिरवट थर आहे का, हे पाहावे.

आता इंजिन. २९८२ घनसेंटिमीटरचे '१केडी-एफटीव्ही' हे इंजिन दीर्घायुषी म्हणून ओळखले जाते, तरी त्याची एक दुखरी बाजू जाणकारांना ठाऊक आहे. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळू लागले की ज्वलनातील काजळी इंजिन ऑइलमध्ये मिसळते, सम्पमधील (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातील) तेल ओढणारी गाळणी हळूहळू बुजते आणि तेलाचा दाब गेला की इंजिन जाते. मी गाडी ताब्यात घेताच सम्प उतरवून गाळणी पाहिली. ती स्वच्छ निघाली, तरी वॉशर नवे घालून घेतले. इंजिनातील झडपांची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट साधारण १,५०,००० किलोमीटरला बदलायचा असतो, आणि त्याची आठवण करून देणारा डॅशबोर्डवरील दिवा बेल्ट न बदलताही विझवता येतो. त्यामुळे बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. युरो ५ या युरोपीय प्रदूषण मानकासाठी बनलेल्या आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीला अत्यल्प गंधकाचे डिझेल लागते. ते सहज मिळत नसेल, तर जुन्या मानकाची गाडी अधिक सुखाची.

वापराबद्दल सांगायचे तर, रिकामी पिकअप ही आरामदायी गाडी नाही. मागचे पाटे सुमारे टनभर ओझ्याच्या हिशेबाने घडवलेले असतात, त्यामुळे हौदा मोकळा असताना प्रत्येक खड्डा पाठीपर्यंत पोचतो आणि ओल्या रस्त्यावर वळणात मागचे चाक सटकू पाहते. हौद्यात वजन पडले की तीच गाडी रस्त्याला धरून चालते. ३०८५ मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, अरुंद जागी गाडी वळवताना सतत जाणवतो. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने कोरड्या, कठीण रस्त्यावर 'एच-फोर' (चारही चाकांना जोर देणारा वेगाचा टप्पा) लावून वळणे घेतली की सगळ्या शाफ्टवर ताण येतो. ही सोय चिखल, वाळू आणि बर्फासाठीच आहे. पूर्वीच्या मालकाने ती कधीच वापरली नसेल तर जोडण्या जाम झालेल्या असतात, म्हणून चाचणी सैल मातीवर घेऊन 'एल-फोर'पर्यंत (चारही चाकांच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या टप्प्यापर्यंत) सगळे टप्पे लागतात याची खात्री करावी. माझ्या गाडीत वयोमानाने पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मचे बुश आणि इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला एक क्रॉस बदलावा लागला. ही कामे कोणत्याही जुन्या पिकअपला येतात आणि त्यांचा खर्च किमतीत आधीच धरलेला असावा.

स्टीअरिंगची बाजू बदलून घेतलेली गाडी मी कोणालाही सुचवणार नाही. डॅशबोर्ड कापून जोडलेला असतो, ब्रेक आणि स्टीअरिंगच्या जोडण्या कोणी, कशा बसवल्या याचा पत्ता नसतो, आणि वायपर बहुधा जुन्याच बाजूसाठी राहिल्याने नव्या बाजूला बसलेल्या चालकासमोरची काच कोपऱ्यापर्यंत पुसली जात नाही. मूळ बाजू ठेवलेली, पण वाहतुकीच्या विरुद्ध असलेली गाडी त्यापेक्षा परवडली, मात्र तिचे पुढचे दिवे बदलणे भाग आहे, कारण त्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

सुटे भाग मागवताना मॉडेलचे नाव सांगून उपयोग होत नाही, कारण एकाच वर्षाच्या थाई आणि आफ्रिकी गाडीत भाग वेगळे असू शकतात. ओळख क्रमांक देऊनच मागवावेत. हाच क्रमांक वापरून एअरबॅगची चौकशीही करावी. ताकाता या जपानी कंपनीच्या बनावटीच्या अनेक इन्फ्लेटरमधील (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातील) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षांत बिघडते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात, म्हणून अनेक कंपन्यांच्या गाड्या जगभर परत बोलावल्या गेल्या. आयात गाडीची नोंद नव्या देशातील परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत सापडेलच असे नाही, त्यामुळे ती ज्या बाजारासाठी बनली तेथील यादीतही क्रमांक टाकून पाहावा, आणि तो विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी.