व्हीजीपीयू की पासथ्रू? छोट्या ऑफिससाठी माझं मत

महाप्याला आमचं आर्किटेक्चरचं ऑफिस आहे: चार डिझायनर, एकच सर्व्हर. प्रत्येकाचं काम सर्व्हरवरच्या आपापल्या व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकात चालतं, आणि त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं. आधी व्हीजीपीयू वापरलं, म्हणजे एकच कार्ड सगळ्यांत वाटून. आता पासथ्रूवर आहोत, म्हणजे प्रत्येक व्हीएमला अख्खं वेगळं कार्ड.

सोयीत व्हीजीपीयू पुढे, वादच नाही. १६ जीबीच्या एका कार्डाचे ४-४ जीबीचे चार वाटे पडतात आणि चौघांचं भागतं. पासथ्रूमध्ये कार्ड ज्या व्हीएमला दिलं त्याचंच. तो माणूस जेवायला गेला तरी ते दुसऱ्याच्या कामी येत नाही. आम्हाला चार छोटी कार्डं घ्यावी लागली.

पण व्हीजीपीयूची वाटणी करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅनेजर, होस्टवर बसतो, म्हणजे सगळ्या व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरवर. एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेली सीव्हीई-२०२४-०१४६ ही सुरक्षेतली त्रुटी तिथलीच. गेस्टमधून, म्हणजे एखाद्या व्हीएममधून, मॅनेजरची मेमरी बिघडवता येत होती, आणि त्यातून कोड चालवण्यापर्यंत मजल जाऊ शकत होती. एकाने कुठूनतरी उचललेलं प्लगइन बाकी तिघांच्या ड्रॉइंगपर्यंत पोचणं, हा धोका मला मोठा वाटतो.

अशा त्रुटींवर दुरुस्त्या, म्हणजे पॅच येतात, हे खरं. पण होस्टचा पॅच म्हणजे चारही व्हीएम बंद, होस्ट रीबूट, मग प्रत्येक गेस्टमध्ये जुळणारा ड्रायव्हर. हे रविवारीच जमायचं. एका रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक होता, ठाण्याहून बसने पोचेपर्यंत साडेबारा वाजले. घाईत चौथ्या गेस्टचा ड्रायव्हर जुनाच राहिला. सोमवारी त्या डिझायनरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. ती एवढंच म्हणाली, "दादा, अकराला क्लायंट येतोय." त्यानंतर मी पॅच पुढे ढकलायला लागलो. भोक माहीत असूनही एकदा तीन आठवडे ते उघडं राहिलं. माझा निर्णय तिथेच झाला.

पासथ्रूमध्ये होस्टवर कार्डाचा ड्रायव्हरच लागत नाही. गेस्टच्या ड्रायव्हरमध्ये चूक निघाली तरी ती सहसा त्या व्हीएमपुरतीच राहते. आयओएमयू, म्हणजे कार्डाला दुसऱ्यांच्या मेमरीत हात घालू न देणारी हार्डवेअरची सोय, मात्र नीट चालू हवी. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलंच सॉफ्टवेअर, गेस्टच्या आवाक्यात येतं, म्हणून बाहेरच्या माणसाने वापरलेलं कार्ड मी दुसऱ्या व्हीएमला लावत नाही. लाइव्ह मायग्रेशनवरही, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवण्यावरही, पाणी सोडावं लागतं.

तुमच्याकडे दोन-तीन होस्ट आणि वीसेक माणसं असतील, तर व्हीजीपीयूच परवडेल. व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवता आली की रविवारची अडचणही बरीच कमी होईल. चार-पाच जणांच्या ऑफिसला मात्र मी पासथ्रूच सुचवीन. मागचा ड्रायव्हर मी मंगळवारी दुपारी बदलला. एक डिझायनर डबा खायला उठला तेवढ्यात त्याचं मशीन झालं, शेजारच्याचं रेंडर चालूच होतं.