डोंगरावर पक्षी मोजायला खटक्याचा काउंटर की जपाचं यंत्र?

काम एकच धरलंय: मार्च-एप्रिलमध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, कन्नड घाटाच्या माथ्यासारख्या जागी थांबून उत्तरेकडे परतणारे शिकारी पक्षी मोजायचे. डोळे दुर्बिणीत अडकलेले असतात, तेव्हा मोजणी बोटांनीच व्हायला हवी. त्यासाठी दोन वस्तू सहज मिळतात. एक, मुठीत मावणारा, चार आकडी, धातूचा खटक्याचा काउंटर. साधारण दीडशे ते तीनशे रुपये. दुसरं, बोटात अंगठीसारखं घालायचं जपाचं डिजिटल यंत्र. पैठण-तुळजापूरच्या पूजासाहित्याच्या दुकानात ते शंभराच्या आतबाहेर मिळतं.

जपाचं यंत्र जपालाच ठेवा. त्याचं बटण मऊ असतं, दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळत नाही. मग खात्री करायला दुर्बीण खाली घ्यावी लागते आणि तेवढ्यात दोन घारी डोक्यावरून निघून जातात. बऱ्याच यंत्रांत शून्य करायचं बटण मोजायच्या बटणाला खेटूनच असतं. घामेजलं बोट तिकडे घसरलं की सकाळपासूनची मोजणी गेली. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या दगडावर ठेवलं तर पडदा काळा पडतो. सावलीत नेऊन गार झाल्यावर आकडे परत दिसतात, पण मधला अर्धा तास कोण भरून देणार?

धातूच्या काउंटरचा खटका ऐकू येतो आणि अंगठ्यालाही जाणवतो, म्हणून तोच घ्यावा. मात्र दुकानातच तपासून घ्या. शून्यापासून दाबत शंभरापर्यंत जा. ९ चा १० होताना आणि ९९ चे १०० होताना एकापेक्षा जास्त चाकं एकदम फिरतात, तिथे खटका जड लागतो. हलक्या प्रतीच्या काउंटरमध्ये नेमकं इथेच चाक दोन आकड्यांच्या मध्ये अडकतं. शंभर झाले की बाजूची चावी फिरवून चारही शून्यं एका रेषेत येतात का ते बघा. एखादं शून्य अर्धं वर राहत असेल तर दुसरा नग मागा. सगळ्यात मोठी चूक अर्धवट दाबण्याची असते. खटका तळापर्यंत गेला नाही तर आकडा सरकत नाही, आणि घाई असते तेव्हाच अंगठा अर्ध्यावरून सुटतो.

चावी मोकळी असते, खिशात घासून फिरू शकते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून काउंटरच्या कडेने चावी झाकेल असा चढवा, आकड्यांची खिडकी आणि खटका मोकळा ठेवा. चावीही झाकली जाते आणि तापलेला धातू हाताला चटके देत नाही. आत तेल सोडू नका. घाटातली धूळ तेलाला चिकटते आणि चाकं आणखी जड होतात. मऊ ब्रशने झटकणं पुरे.

आता खरी अडचण. हा काउंटर फक्त पुढे जातो, मागे येत नाही. पक्षी मात्र मागे येतात. म्हणून माथ्यावरची पूर्व-पश्चिम रेषा ठरवा: या टोकाला एखादं झाड, त्या टोकाला मोबाइलचा टॉवर. रेषा ओलांडून खानदेशाकडे गेलेलाच पक्षी मोजायचा. परतून आला तर वहीत वजाचा वेगळा रकाना. गिरक्या घेत वर चढणारा थवा तसाच सोडा, त्यात एकच पक्षी तीनदा मोजला जातो. वर पोचून ते एकामागे एक सरळ तरंगत निघाले की खटके द्या.

दर तासाला काउंटर शून्य करू नका. ठोक्याला दिसेल तो आकडा वहीत लिहा, वजाबाकी घरी करा. शून्य करायला विसरलं तर दोन तासांची सरमिसळ होते. आकडा नुसता लिहीत गेलं तर चूक नंतर सापडते.

एका काउंटरवर एकच जात, आणि आपल्याकडे ती घार. बाकीच्यांसाठी वहीतल्या चार उभ्या आणि एक आडवी रेघ पुरते. जॉर्जियातल्या बातुमीवरून शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात, तिथली गोष्ट वेगळी. इथे भोवत्या, गवताळ गरुड, खरुची असे तुरळक येतात. भोवत्यांच्या माद्यांत जात माँटेग्यू की पॅलिड हा वाद डोंगरावर सुटत नाही, ‘भोवत्या, जात अनिश्चित’ लिहून पुढे जा. नराच्या पंखावर काळी पट्टी दिसली तर माँटेग्यू, टोकाला नुसती काळी पाचर असेल तर पॅलिड.

घारींतही स्थानिक आणि प्रवासी वेगळे काढायचे असतात. खाली शेतात कुणी उसाचं पाचट पेटवलं की आसपासच्या घारी धुरावर जमतात आणि रेषेवरून ये-जा करतात. त्या वेळी काउंटर खाली ठेवा, वहीत ‘धूर’ लिहा आणि वेळ टाका. शिक्रा, कापशी, तिसा हे इथलेच, त्यांना खटका नाही.

पक्षी दक्षिणेकडून, म्हणजे पठाराकडून येतात; खानदेशाकडे बघत बसलात तर ते पाठीमागून येतील. म्हणून तोंड दक्षिणेला ठेवावं लागतं आणि दुपारी ऊन डोळ्यांवर येतं. साडेनऊनंतर हवा तापते, तासा-दीड तासात पक्षी फार वर जातात आणि निरभ्र आकाशात ठिपकाही सापडत नाही. सकाळच्या त्या टप्प्यातच काउंटरचं खरं काम आहे. गौताळा अभयारण्याच्या हद्दीत थांबायचं असेल तर वनविभागाला आधी विचारा, आणि कड्याला आग्या मोहोळ नाही ना ते बघूनच जागा धरा.

एका पट्टीवर चार-पाच काउंटर बसवलेला जोडही ऑनलाइन मिळतो. तो महाग आहे, जड आहे आणि कुठला खटका कुठल्या जातीचा हे बघायला पुन्हा मान खाली घालावी लागते. त्यापेक्षा वही लिहायला दुसरा माणूस सोबत न्या.